स्पीकर घरचे, अ‍ॅम्प्लिफायर कोणता घ्यावा?



विक्रोळीच्या एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचे यजमान नोकरीतून निवृत्त झाले. 1994 साली बोनसच्या पैशातून त्यांनी लाकडी पेट्यांचे दोन स्पीकर आणि एक अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता. स्पीकर अजून ठणठणीत आहेत, अ‍ॅम्प्लिफायर मात्र यंदाच्या पावसाळ्यात कायमचा बसला. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून दुरुस्तीवाल्याने हात वर केले. ताईंच्या हाती भिशीचे 14 हजार रुपये आले आहेत. चिरंजीवांचे म्हणणे, घ्यायचा तर 200 वॅटचा घेऊ, 30 हजारांचा, राहिलेले पैसे हप्त्याने फेडू. धाकटी मुलगी बारावीला आहे आणि घर म्हणजे दहा बाय पंधराची एकच खोली. ताई विचारतात, हप्ते काढावेत की गाण्याचा नाद सोडून द्यावा?

दोन्हीही करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गरिबाने गाणे ऐकण्यावर खर्च केला की काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. आम्हाला ते पटत नाही. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचे आवाज आपल्या घरांत कॅसेटवरूनच पोहोचले आणि ज्या घरात तीनशे कॅसेट जपून ठेवल्या आहेत, त्या घराला त्या नीट ऐकण्याचा हक्क आहे. प्रश्न फक्त पैसा कुठे घालायचा आणि कुठे घालायचा नाही, एवढाच आहे.

दुकानात जाण्याआधी आपला स्पीकर उलटा करून पाहावा. पाठीमागच्या पट्टीवर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. ओहम, वॅट आणि बऱ्याच चांगल्या स्पीकरवर डेसिबल. बहुतेक माणसे मधला वॅटचा आकडा तेवढा वाचतात. खरे पाहता तोच सर्वांत कमी कामाचा. स्पीकर जास्तीत जास्त किती सहन करील एवढेच तो सांगतो. तेवढे वॅट द्यायलाच पाहिजेत असा त्याचा अर्थ नव्हे.

पहिला मान ओहमचा. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचे माप. घरगुती स्पीकर बहुधा 8 किंवा 6 ओहमचे असतात, गाडीतले 4 ओहमचे. आकडा जितका लहान, तितका अ‍ॅम्प्लिफायरवर बोजा जास्त. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे तारा जोडायच्या जागी 'किमान 6 ओहम' किंवा '4 ते 8 ओहम' असे छापलेले असते. त्याखाली जाऊ नये. आपल्या वस्त्यांतून सुताराकडून पेटी करून घेऊन तिच्यात गाडीचे स्पीकर बसवण्याची पद्धत आहे. आवाज झकास येतो, पण ते 4 ओहमचे. त्यातच दोन जोड्या एकाच जागी जोडल्या की 4 आणि 4 मिळून 8 होत नाहीत, 2 होतात. 8 चे दोन जोडले तर 4. शाळेतल्या बेरजेच्या नेमके उलटे. मग अ‍ॅम्प्लिफायर तापतो, मध्येच बंद पडतो, आणि दोष दिला जातो कंपनीला.

पट्टी पुसली गेली असेल तर शेजारपाजारच्या वायरमनकडून मल्टिमीटर आणावा. तारा सोडवून मोजल्यास 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ते 7 दाखवतो, 4 ओहमचा 3 च्या आसपास. त्याच वेळी समोरची जाळी काढून पडद्याच्या कडेला हलके बोट लावून पाहावे. कडेला स्पंजासारखा फोम असेल तर पंधरा-वीस वर्षांत तो भुसभुशीत होऊन गळतो. रबराची किंवा कापडाची कड जास्त टिकते. फोम गेलेला असेल तर आधी तो बदलून घ्यावा. फाटक्या स्पीकरला नवा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे गळक्या पिंपाला नवी तोटी.

आता वॅट. ज्यांना पगारपत्रक माहीत आहे त्यांना हे चटकन समजेल. पत्रकात वरचा आकडा वेगळा आणि हातात पडणारा वेगळा. अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावरही तसेच असते. हातात पडणारा आकडा म्हणजे आरएमएस, सलग देता येणारी शक्ती. नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर हजार-हजार वॅट पीएमपीओ अशी चकचकीत लेबले असत, ती आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असतील. त्या पीएमपीओला मोजण्याचे कोणतेही ठरलेले माप नव्हते. ज्याला जो आकडा गोड वाटेल तो त्याने छापला. आज ते लेबल कमी दिसते, पण 'पीक' किंवा 'मॅक्स' या नावाने तोच भाऊबंद हिंडतो आहे. अमेरिकेत असे फुगवलेले आकडे रोखण्यासाठी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 1974 सालीच नियम केला आणि 2024 साली तो आणखी आवळला. 8 ओहमवर, 20 ते 20,000 हर्ट्झ या सर्व सुरांत आणि विकृती 1 टक्क्याच्या आत ठेवून मोजलेले वॅट सांगा, असा त्याचा मथितार्थ. आपणही दुकानदाराला हेच तीन प्रश्न विचारावेत. किती ओहमवर? किती विकृतीला? दोन्ही बाजू एकदम चालू असताना का? 4 ओहमवर आणि 10 टक्के विकृतीला मोजलेला 50 वॅटचा आकडा 8 ओहमच्या स्वच्छ आवाजात निम्म्यावर येऊ शकतो.

हल्ली तळहातावर मावतील असे छोटे अ‍ॅम्प्लिफायर निघाले आहेत, त्यांना 'क्लास डी' म्हणतात. ते कमी तापतात, कमी वीज खातात. पूर्वी आम्ही अ‍ॅम्प्लिफायर उचलून पाहत असू. जड असला की आत ट्रान्सफॉर्मर मोठा, म्हणजे माल खरा. क्लास डीला ती परीक्षा लागू पडत नाही. त्यासाठी दुसरी परीक्षा आहे आणि ती कोणाही हिशेबनीसाला करता येईल. सोबतच्या अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, त्यांचा गुणाकार करावा. 24 व्होल्ट गुणिले 3 अँपिअर म्हणजे 72 वॅट. ही झाली एकूण जमा. यातूनच दोन्ही स्पीकरचा खर्च भागायचा आहे, शिवाय थोडी उष्णतेत जाणार. खोक्यावर '100 अधिक 100 वॅट' लिहिलेले असेल तर जमा 72 आणि खर्च 200, असा ताळेबंद कुठल्याही लेखापरीक्षकापुढे टिकणार नाही. यंत्र वाईटच असेल असे नव्हे, पण त्याची खरी ताकद पंचवीस-तीस वॅट दर बाजूला, एवढीच धरून भाव करावा.

मग लागतात तरी किती वॅट? इथे तो तिसरा, डेसिबलचा आकडा उपयोगी पडतो. ताईंनी लिहिले आहे की त्यांच्या स्पीकरमागे '88 डेसिबल, 8 ओहम' असे आहे. याचा अर्थ एक वॅट दिला तर एक मीटरवर 88 डेसिबल आवाज. केवळ एक वॅट! पुढचा नियम असा की शक्ती दुप्पट केली की फक्त 3 डेसिबल वाढतात. 2 वॅटला 91, 4 ला 94, 8 ला 97, 16 ला 100, 32 ला 103. खोलीत थोडे लांब बसल्यावर त्यातले पाच-सहा कमी झाले असे धरले तरी 32 वॅटला कानावर 97 डेसिबलच्या आसपास आवाज आदळतो. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास आणि 100 डेसिबलच्या आवाजात जेमतेम पंधरा मिनिटे, इतपतच कानाची सुरक्षित मर्यादा मानली जाते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही पातळी घालून दिली आहे. भिंतीला भिंत लागलेल्या घरांत आपण कशासाठी किती आवाज विकत घेतो आहोत, याचा अंदाज यावरून यावा.

चिरंजीवांच्या 200 वॅटचा हिशेबही मांडून टाकू. ते 200 वॅट दर बाजूला आणि खरेच आरएमएस आहेत असे मानले तरी 40 वॅटच्या तुलनेत फरक पडतो 7 डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात. म्हणजे पाचपट वॅट घेऊनही आवाज दुप्पट होत नाही. त्या 7 डेसिबलसाठी 16 हजार जास्त आणि वर हप्त्याचे व्याज. शिवाय मुलगी अभ्यासाला बसली की ते सातही डेसिबल खुंटीला टांगलेले. ताई, तुमच्या खोलीला 30 ते 50 वॅट आरएमएस दर बाजूला, 8 ओहमवर, एवढे भरपूर आहे आणि ते भिशीच्या पैशात बसते. हेडफोनची जागा असलेलाच अ‍ॅम्प्लिफायर निवडा, म्हणजे परीक्षेच्या दिवसांत कोणाचेच अडणार नाही. चिरंजीवांना हा परिच्छेद वाचायला द्यावा. ते रागावले तर आमच्यावर रागावू देत.

मात्र फार लहानही घेऊ नये. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरने स्पीकर जळतो अशी समजूत आहे, पण लहान अ‍ॅम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळूनही तो जळतो. शक्ती संपली की अ‍ॅम्प्लिफायर आवाजाच्या लाटेचा माथा छाटून टाकतो. छाटलेल्या लाटेत कर्कश, वरच्या सुरांची नको ती भर पडते आणि ती जाते नाजूक ट्वीटरमध्ये. आवाज फाटायला लागला, किनरा झाला की लगेच कमी करावा. लग्नाघरी, हळदीच्या रात्री सर्वांत जास्त ट्वीटर जातात ते यामुळेच.

जयंतीच्या मंडपाची कामे आम्ही पुष्कळ केली आहेत, म्हणून आणखी एक सूचना. मंडपवाल्याचा जुना अ‍ॅम्प्लिफायर स्वस्तात मिळतो म्हणून घरी आणणारे काही जण आहेत. लांबच्या भोंग्यांसाठी त्याच्या मागे 100 व्होल्ट लाइनची जागा असते. तिथे घरचा स्पीकर जोडला तर तो तत्काळ निकामी होईल. शिवाय ते यंत्र चौकात भाषण ऐकू जावे म्हणून केलेले असते. घरातल्या गाण्याला ते रुक्ष वाटते.

जुन्या बाजारात सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्स यांचे अ‍ॅम्प्लिफायर अजून दिसतात. काही फार गोड वाजतात. पण तीस वर्षांत आतले कपॅसिटर सुकतात, आवाजाचे बटण फिरवताना खरखर येते. ओळखीचा, हाताचा चांगला कारागीर असेल तरच त्या वाटेला जावे.

आता ऐकून पाहण्याविषयी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ इथे दुकानदार आपल्याला त्याचेच गाणे ऐकवतो, ज्यात ढमढम भरपूर असते. ते सौजन्याने नाकारावे. आपल्याला तोंडपाठ असलेले गाणे पेन ड्राइव्हवर न्यावे आणि जमल्यास आपले स्पीकरही रिक्षात घालून न्यावेत. लाजू नये, पैसे आपले आहेत. बास आणि ट्रेबलची बटणे मध्यावर ठेवायला सांगावीत. शाहिराच्या आवाजाकडे लक्ष द्यावे. शब्द सुटे ऐकू येतात का? कोरस उचलतो तेव्हा मूळ गळा त्यात बुडतो का? ढोलकीची थाप पडून थांबते की मागे गुरगुरत राहते? दोन अ‍ॅम्प्लिफायर ताडून पाहताना दोघांचा आवाज सारखा ठेवावा. जो किंचित मोठा लावलेला असतो तोच कानाला चांगला वाटतो आणि महाग माल खपवण्याची ही जुनी युक्ती आहे.

बाकीचे थोडक्यात. कॅसेट डेक असेल तर 'ऑक्स' किंवा 'लाइन' ही जागा हवी, तबकडीचा प्लेअर असेल तर 'फोनो'. टीव्ही जोडायचा असेल तर टीव्हीच्या मागे काय आहे ते आधी बघून जावे, कारण नव्या टीव्हीला पुष्कळदा फक्त ऑप्टिकल असते. ब्ल्यूटूथ आजकाल बहुतेकांत येते, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. स्पीकरची तार एक चौरस मिलिमीटरची तांब्याची घेतली तरी आपल्या खोलीत पुरते. सोन्याचा मुलामा दिलेल्या तारा शोकेसमध्येच राहू द्याव्यात. लाल टोक लालला, काळे काळ्याला. एका बाजूला उलटे झाले तर बास गळून जातो आणि माणूस उगाच अ‍ॅम्प्लिफायर बदलायला निघतो. यंत्राच्या वर मोकळी जागा सोडावी, त्यावर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी ठेवू नये. बिल पक्के घ्यावे, त्यावर मॉडेलचा आणि यंत्राचा क्रमांक लिहून घ्यावा आणि मुंबईत दुरुस्ती कुठे होते तो पत्ता दुकानदाराकडून त्याच बिलाच्या मागे लिहून घ्यावा.