जिवंत माल, मेलेली पाकिटे

कापडाच्या व्यापाऱ्यांनी शेतीवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु मराठवाड्यातील तालुक्याच्या बाजारपेठेत ज्यांचे दुकान आहे त्यांना ठाऊक आहे, की सोयाबीन, तूर, हरभरा घरात आला तरच लग्नाचा बस्ता निघतो आणि मागील सालची उधारी वसूल होते. आमचा गल्ला शेताच्या बांधावरच भरतो. शिवाय आमच्या बाजारपेठेत आपल्या समाजातील अनेक तरुणांनी बी-बियाणे व खतांची दुकाने टाकली आहेत. त्यांच्याकडे विकल्या जाणाऱ्या जिवाणू खतांविषयी, म्हणजे शेतकरी ज्याला ‘कल्चर’ म्हणतो त्याविषयी, आम्हाला काही सांगावयाचे आहे.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तेथे ‘जरासीम’ हा शब्द शिकलो तो फक्त आजाराच्या धड्यात. जरासीम म्हणजे मारून टाकण्याची चीज. त्यामुळे शेतकरी पैसे देऊन जरासीम विकत घेतो हे प्रथम ऐकले तेव्हा आम्हाला हसू आले होते. मग ध्यानात आले, की आपल्या कारागिरांचे निम्मे धंदे याच जिवांवर चालत आले आहेत. नानवाल्याचे खमीर, दुधवाल्याचे विरजण, रंगाऱ्याचा निळीचा माठ, पाण्यात कुजवून सोडवलेला अंबाडीचा वाख, ही सगळी त्यांचीच करणी. नाव माहीत नव्हते, एवढेच.

शेतातील प्रकार असा. कडधान्याच्या मुळांवर ज्या गाठी येतात त्यांत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतील नत्र पिकाला देतात आणि पीक त्यांना साखर देते. सौदा रोकडा आहे. बायजेरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ साली गाठीतून हे जिवाणू वेगळे काढले. मात्र एकाचे दुसऱ्याला चालत नाही. तूर, मूग, उडीद यांना एक, हरभऱ्याला दुसरे, सोयाबीनला तिसरे. हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला लावणे म्हणजे मोठ्याची शेरवानी पोराला चढवण्यासारखे आहे. स्फुरद विरघळविणारे जिवाणू (पीएसबी) वेगळे. ते नवे स्फुरद आणत नाहीत, जमिनीत अडकून पडलेले मोकळे करतात. कपाशीला ॲझोटोबॅक्टर लावतात, पण त्याच्या गाठी होत नाहीत. तो मुळाभोवती मोकळा राहतो आणि कडधान्यातील रायझोबियमएवढे काम त्याच्याकडून होत नाही. ‘युरिया निम्मा करा’ असे छापलेले पत्रक दिसले, की आम्हाला साडीच्या सेलची पाटी आठवते.

खरा मुद्दा पुढे आहे. खत नियंत्रण आदेश १९८५ चा. त्यात जिवाणू खते २००६ साली आली. भुकटी असेल तर एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, द्रवरूप असेल तर एका मिलिलिटरमध्ये १० कोटी. कायद्याचा शब्द ‘जिवंत’ आहे, हे दुकानदार बंधूंनी लक्षात घेणे जरुरीचे आहे. भुकटीचे आयुष्य साधारण सहा महिने, आणि तेही थंड जागी ठेवली तर. आता आपल्याकडे हा माल येतो केव्हा? खरिपाच्या तोंडावर, ऐन मे महिन्यात. पारा ४२ वर, ट्रक उन्हात उभा, खोके पत्र्याच्या शेडमध्ये युरियाच्या गोण्यांवर. पेरणीच्या दिवशी त्या पाकिटात काय उरले असेल? जिवंत भुकटी काळी दिसते, मेलेलीही काळीच दिसते.

आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने, जेथे पूर्वी कधी सोयाबीन झाले नव्हते अशा रानात, पाकिटे लावून सोयाबीन पेरले. चाळिसेक दिवसांनी आम्ही त्यांच्या बांधावर गेलो असता त्यांनी रोपे उपटून दाखविली. मुळे स्वच्छ, गाठ नावाला नाही. दुकान आमच्या ओळखीचेच होते. विचारले तर दुकानदार म्हणाला, “चाचा, डीएपीसोबत जबरदस्तीने गळ्यात मारलेला माल. मी तरी कुठे ठेवू? काढायलाच पाहिजे ना.” त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. लिंकिंगचा जाच आम्ही बाजारात रोज ऐकतो. पण आमच्या धंद्यात रंग पहिल्या धुण्यात गेला, तर दुसऱ्या दिवशी बाई ते कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी राहते. म्हणून आम्ही जपून वागतो, यात आमचा मोठेपणा कसला? जिवाणूच्या पाकिटाचा ऐब मात्र कधी उघडा पडत नाही. शेतकरी पावसाला बोल लावतो, नशिबाला लावतो. त्या दिवशी आम्हीही दुकानात दोन कप चहा घेऊन गप्प परतलो. आमचे ते चुकले.

आमच्या मते खतवाल्या बंधूंनी लिंकिंगचा माल घेण्यास एकजुटीने नकार द्यावा. एकट्याने नाही म्हटले तर डीएपी बंद होते, हे आम्हाला कळते. सगळ्यांनी म्हटले तर कोणाचे बंद करतील? आणि जो माल मनाने घ्याल तो थोडा घ्या, ‘ओ’ फॉर्म पाहून घ्या, बिलावर बॅच नंबर लिहा. खते आणि फवारणीच्या औषधांपासून दूर, विटांच्या थंड खोलीत ठेवा. परभणी व अकोल्याच्या कृषी विद्यापीठांतही अशी संवर्धके मिळतात. शेतकऱ्याला सांगण्यास दोन मिनिटे लागतात: बियाण्याला रासायनिक औषध आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. गुळाचे पाणी पूर्ण गार झालेले असावे, बी सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे.

ज्या रानात वर्षानुवर्षे सोयाबीन होते तेथे जमिनीत जिवाणू आधीच असतात, फरक थोडा दिसेल. तेही गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. पारख हवी असेल तर महिना-सव्वा महिन्याने रोप अलगद खणून काढा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

आमच्या भाच्याचेही कृषी सेवा केंद्र आहे. त्याला आम्ही सांगितले आहे, की सुरुवात रब्बीपासून कर. हरभऱ्याच्या पेरणीला ऊन उतरलेले असते, माल टिकतो. पाकिटे हरभऱ्याचीच मागव, तुरीची उरलेली खपवू नकोस, आणि पहिल्या दहा शेतकऱ्यांच्या रानात पाहायला स्वतः जा. बरोबर आम्ही येऊ.