प्लीज हेल्प, अर्जंट!

ऑगस्ट उजाडला, की अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या कॉलेजांमध्ये 'रश'चा सीझन सुरू होतो. रश म्हणजे सोरॉरिटीत शिरण्यासाठीची निवड. ऑफिशियल नाव रिक्रूटमेंट, पण तोंडी रशच! आणि सोरॉरिटी म्हणजे? मुलींचा कट्टा, समाजकार्य आणि आयुष्यभराच्या ओळखी, सगळं एकाच पॅकेजमध्ये. एकट्या अलाबामा विद्यापीठात यासाठी दोन हजारांहून जास्त मुली नाव नोंदवतात. 'आज मी काय घातलंय' सांगणारे तिथल्या मुलींचे टिकटॉक व्हिडिओ २०२१ मध्ये जगभर गाजले.

कपड्यांची चर्चा खूप झाली. पण त्याआधीची पायरी कुणी बघत नाही. ती म्हणजे सल्ला मागणं. जिची आई किंवा मावशी सोरॉरिटीत होती, तिला टिप्स घरच्या घरी मिळतात. पण समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमधली एखादी मराठी मुलगी असेल तर? आईचं इंजिनीअरिंग पुण्यात झालेलं, त्यामुळे अल्फा-बीटाशी संबंध फक्त गणितापुरता! अशा मुलीला अनोळखी सीनिअरला लिहूनच विचारावं लागतं. मग मेसेज जातो, 'हाय बेस्ट सोरॉरिटी कुठली मला घेतील का प्लीज हेल्प अर्जंट'. ना नाव, ना कॉलेज, ना पूर्णविराम.

समोरचीनं काय सांगायचं? कुठल्या कॉलेजातली? बेस्ट, पण कशात? एकाच सोरॉरिटीचं वातावरण प्रत्येक कॅम्पसवर वेगळं असतं. ती मेसेज बंद करते आणि कामाला लागते.

आता हे बघा. 'मी या वर्षी अमुक कॉलेजात येतेय. आमच्या घरात कुणी सोरॉरिटीत नव्हतं. पहिल्या दिवशीच्या गप्पांत साधारण काय विचारतात? आणि वर्षाचा खर्च किती धरू?' चारच वाक्यं, पण याला उत्तर देता येतं. व्याकरण म्हणजे पुस्तकी शिस्त नव्हे हो, वाचणाऱ्याचा वेळ वाचवणं!

शिवाय या जगाला शब्दांचं वेड आहे. सोरॉरिटी हा शब्दच मुळी लॅटिनच्या मास्तरांची देणगी. गॅमा फाय बीटा ही संघटना १८७४ मध्ये सिराक्यूजला सुरू झाली. तेव्हा मुलींच्या संघटनांनाही फ्रॅटर्निटी, म्हणजे 'भावांचा' संघ, म्हणायचे. फ्रँक स्मॉली या प्राध्यापकांनी 'सोरॉर', म्हणजे बहीण, यावरून नवा शब्द सुचवला. आजही माजी विद्यार्थिनी एक असेल तर 'अलम्ना', अनेक असतील तर 'अलम्नी'. 'अलम्नस' लिहिलंत, तर बाईंचा बुवा होतो!

पण थांबा. भाषा चकाचक केली की सगळी दारं उघडतात, असंही नाही. २०१३ मध्ये अलाबामातल्याच 'क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थी वृत्तपत्रानं उघड केलं, की उत्तम मार्क असलेल्या कृष्णवर्णीय मुलीलाही तिथल्या गोऱ्या सोरॉरिटींनी नाकारलं होतं. तिच्या अर्जात व्याकरणाची चूक नव्हती, चूक दाराची होती. गदारोळ झाला, तेव्हा कुठे आमंत्रणांची प्रक्रिया पुन्हा उघडली. काही जणींनी तर दुसऱ्याच्या दारावर टकटक करण्याऐवजी स्वतःचं दार बांधलं. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची अल्फा कप्पा अल्फा १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात सुरू झाली, तर दक्षिण आशियाई मुलींची कप्पा फाय गॅमा १९९८ मध्ये ऑस्टिनला.

म्हणून हिशेब साधा आहे. नीट लिहिणं हे प्रवेशाचं तिकीट नाही, पण उत्तर मिळण्याची शक्यता त्यानं नक्की वाढते. ज्यांच्या घरात कुणी 'आतलं' नसतं, त्यांना याची गरज सगळ्यात जास्त. तुम्हीही नोकरीसाठी एखाद्या सीनिअरला मेसेज टाकणार असाल, तर सेंड दाबण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा. आणि उद्या तुम्हीच सीनिअर व्हाल, तेव्हा तुटक्या भाषेतला प्रश्न आला, तर हसण्याआधी विचारा, 'तुला नेमकं काय हवंय गं?'