आजारी समुद्रपुष्पाला आधी पाणी हवे, औषध नंतर

सागरी मत्स्यालयाचा छंद आता किनाऱ्यावरील शहरांपुरता मर्यादित राहिलेला नाही. कृत्रिम समुद्री मीठ, प्रथिने गाळणारी यंत्रे आणि एलईडी दिवे सहज उपलब्ध झाल्यामुळे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या घरांतूनही खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसू लागल्या आहेत. या टाक्यांतील सर्वांत मोहक आणि तितकाच अवघड पाहुणा म्हणजे समुद्रपुष्प, अर्थात सी ॲनिमोन. विक्रेते आणि छंदिष्ट त्याला नुसते ‘ॲनिमोन’ म्हणतात. तो आजारी पडला की मालक कासावीस होतो आणि मिळेल त्या सल्ल्याने मिळेल ते औषध पाण्यात ओततो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, या प्रसंगी औषधाची घाई बहुतेक वेळा निरर्थक आणि पुष्कळदा घातक ठरते. तसेच हा प्रश्न केवळ छंदिष्टांचा नसून मत्स्यविज्ञानाच्या विस्तारकार्याचाही आहे.

समुद्रपुष्प ही वनस्पती नव्हे. प्रवाळ आणि जेलीफिश यांच्या कुळातील तो एक मृदुकाय प्राणी आहे. त्याला डोके नाही, मेंदू नाही, सांगाडा नाही. खाली पृष्ठभागाला चिकटणारा पाय, मध्ये स्तंभासारखे शरीर आणि वर मुखाभोवती दंशपेशींनी भरलेल्या शुंडकांचे वलय, एवढीच त्याची रचना. अन्न घेण्याचे आणि मळ टाकण्याचे द्वार एकच. क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या उष्ण कटिबंधीय जातींच्या ऊतींमध्ये सूक्ष्म सहजीवी शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात. म्हणजे समुद्रपुष्प सांभाळणे म्हणजे एकाच वेळी एक प्राणी आणि त्याच्या अंगातील एक सूक्ष्म शेती सांभाळणे होय. प्रकाश, तापमान वा पाणी बिघडले की पहिला आघात या शेतीवर होतो.

आजार कोठे सुरू होतो?

टाकीत दिसणाऱ्या दुखण्याचे मूळ अनेकदा टाकीबाहेर असते. खडकाच्या कपारीत किंवा वाळूखाली रुतलेला पाय सोडवताना घाई केली तर तो फाटतो. त्यानंतर पिशवीतील दूषित होत जाणारे पाणी, तापमानातील चढउतार आणि एका विक्रेत्याकडून दुसऱ्याकडे होणारा प्रवास यांतून प्राणी आधीच थकून घरी पोहोचतो. बाजारात कधीकधी भडक पिवळे, निळे वा गुलाबी रंगवलेले समुद्रपुष्प विकले जाते. शुभ्र पांढरे समुद्रपुष्पही ‘दुर्मीळ’ म्हणून खपवले जाते. वस्तुतः शुभ्रपणा हे बहुधा शैवाले गमावल्याचे, म्हणजे विरंजनाचे लक्षण असते आणि रंग हे ते लपवण्याचे साधन. ग्राहक ज्याला सौंदर्य समजून पैसे मोजतो, ती उपासमार असते.

घरी आल्यावरचे अपघातही ठरावीक आहेत. समुद्रपुष्प जागा न आवडल्यास सरकते आणि सरकत सरकत पाणी ढवळणाऱ्या पंपात ओढले जाते. नवी, न मुरलेली टाकी हे दुसरे कारण. टाकीतील जीवाणूंची घडी बसायला काही महिने लागतात, म्हणून अनुभवी पालक टाकी किमान सहा महिने ते वर्षभर स्थिरावल्याशिवाय समुद्रपुष्प आणत नाहीत. तिसरे कारण आपल्या हवामानाचे. उन्हाळ्यात वीज गेली की काही तासांतच पाणी तापते, त्यातील प्राणवायू घटतो आणि सकाळी टवटवीत असलेला जीव संध्याकाळी लोंबू लागतो.

लक्षणे वाचण्याचा संयम

आजार ओळखण्यापूर्वी आरोग्य ओळखता आले पाहिजे. निरोगी समुद्रपुष्पही अधूनमधून आकसते, शरीरातील पाणी आणि तपकिरी मळ बाहेर टाकते आणि काही तासांत पुन्हा फुलते. हे पाहून घाबरण्याचे कारण नाही. मात्र दिवसामागून दिवस आकसणे, मुख सैल उघडे राहणे, आतील पडद्यांचे तंतू मुखातून बाहेर लोंबणे, शुंडकांची चिकट पकड नाहीशी होणे, पाय कोठेच न धरता प्रवाहाबरोबर वाहत राहणे, ही खरी धोक्याची चिन्हे आहेत. शरीर विरघळू लागून कुजका वास येऊ लागला तर जीव वाचण्याची आशा जवळपास संपलेली असते.

अशा वेळी पहिले काम म्हणजे पाण्याची तपासणी. क्षारता हजारी ३५ च्या आसपास, विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस, सामू ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट कमी. हे आकडे जुळत नसतील तर तोच रोग आणि तेच निदान. क्षारता व तापमान जुळवून घेतलेल्या नव्या पाण्याने टाकीतील पाव हिस्सा पाणी बदलणे, सक्रिय कोळसा लावणे आणि हवा खेळती ठेवणे हे पहिले उपचार आहेत. बाष्पीभवनाने घटलेले पाणी शुद्ध गोड्या पाण्याने भरावे. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी थेट घालू नये. टाकीत पूर्वी माशांच्या रोगासाठी तांबेयुक्त औषध वापरले असेल तर ती टाकी समुद्रपुष्पासाठी नव्हेच, कारण माशांना तारणारे तांबे अपृष्ठवंशी प्राण्यांना मारते.

दुसरे काम म्हणजे त्याला स्वस्थ राहू देणे. पाय धरलेला असेल तर ओढून काढू नये. पंपांच्या तोंडावर जाळी बसवावी. क्लाउनफिश सतत अंग घासून जखमी समुद्रपुष्पाला त्रास देत असतील तर त्यांना काही दिवस वेगळे ठेवावे. मुख सैल असताना अन्न कोंबू नये. न पचलेले अन्न आतच कुजते आणि दुखणे वाढवते. मुख घट्ट मिटू लागल्यावर कोळंबीचा वा माशाचा अगदी बारीक तुकडा, तोही काही दिवसांच्या अंतराने, पुरेसा होतो. विरंजन झालेल्या जीवावर एकदम प्रखर दिवा लावणे म्हणजे उपाशी माणसाला उन्हात उभे करणे. प्रकाश हळूहळू वाढवावा. या कुळातील प्राण्यांची पुनर्जननशक्ती मोठी असते. पाणी स्वच्छ असेल तर पायाची लहानशी फाट किंवा तुटलेली शुंडके आपोआप भरून येतात. या संपूर्ण उपचारात पालकाला सर्वांत कठीण जाते ते हात आवरणे.

प्रतिजैविकांचा मोह

आता वादाचा मुद्दा. नव्याने आणलेले, आलटून पालटून आकसणारे समुद्रपुष्प सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या मानवी प्रतिजैविकाच्या द्रावणात ठेवून वाचवल्याचे अनेक छंदिष्ट सांगतात. त्यांचा अनुभव खोटा मानण्याचे कारण नाही. फाटलेल्या पायातून जीवाणूसंसर्ग होऊ शकतो आणि काही प्रसंगी औषध उपयोगी पडतही असेल. परंतु त्याच उपचारात स्वतंत्र टाकी, रोज बदललेले ताजे पाणी आणि शांतता हीदेखील असते. बरे केले ते कोणी, औषधाने की पाण्याने, हे एकट्यादुकट्या अनुभवावरून ठरत नाही. यासाठी नियंत्रित प्रयोग हवेत आणि ते संशोधन संस्थांचे काम आहे.

तोवर सावधगिरीच योग्य. मुख्य टाकीत प्रतिजैविक ओतले तर पाणी शुद्ध राखणारे जीवाणूच मरतात, अमोनिया वाढतो आणि एका रुग्णासाठी सारी टाकी रुग्णालय बनते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ते पाणी शेवटी गटारात जाते. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंविरुद्ध भारताने 2017 साली राष्ट्रीय कृती आराखडा स्वीकारला. मत्स्य व पशुक्षेत्रातील या धोक्यावर लक्ष ठेवण्यासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि अन्न व कृषी संघटना यांच्या सहकार्याने प्रयोगशाळांचे जाळेही उभे राहिले आहे. कोळंबी पिकवणाऱ्या शेतकऱ्याने तळ्यात प्रतिजैविक टाकू नये असे आपण त्याला सांगतो. मग दिवाणखान्यातील काचेच्या पेटीला वेगळा न्याय का? शेतकऱ्याला तर त्यात उपजीविका वाचवायची असते, छंदिष्टाला नाही. औषध अटळच असेल तर ते मत्स्यरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने, स्वतंत्र टाकीत, ठरलेल्या मात्रेत आणि वापरलेल्या पाण्याची योग्य विल्हेवाट लावूनच द्यावे.

दीर्घायुष्याचा धडा

‘एवढासा जीव, दुसरा आणता येईल’ ही वृत्ती या प्राण्याच्या बाबतीत विशेष अन्यायकारक आहे. स्कॉटलंडमधील निसर्गअभ्यासक सर जॉन ग्रॅहम डॅलिएल यांनी 1828 साली किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणून काचेच्या बरणीत ठेवले. 1851 मध्ये डॅलिएल निवर्तले, पण त्यांचे समुद्रपुष्प जगले. एकाकडून दुसऱ्या अभ्यासकाकडे जात ते एडिंबरा येथे ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, या नावाने प्रसिद्ध झाले आणि 1887 मध्ये मरण पावले. तोवर त्याने शेकडो पिलांना जन्म दिला होता. ही थंड समुद्रातील, सहजीवी शैवालांवर अवलंबून नसलेली काटक जात होती, त्यामुळे आपल्या उष्ण समुद्रातील जातींशी तिची सरळ तुलना करता येणार नाही. तरीही तेथे ना पंप होते, ना दिवे, ना औषधे. नियमित बदललेले समुद्राचे पाणी आणि पिढ्यान्‌पिढ्या न खंडलेली काळजी एवढेच भांडवल होते. जो जीव आपल्या पालकाहून अधिक जगू शकतो, तो आपल्या टाकीत काही महिन्यांत मरत असेल तर दोष त्या जीवाचा नव्हे.

संस्थांनी काय करावे?

केंद्रीय सागरी मत्स्य अनुसंधान संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले, ही आपल्या मत्स्यविज्ञानाची अभिमानास्पद कामगिरी आहे. त्यामुळे शोभिवंत माशासाठी प्रवाळबेटांवर हात घालण्याची गरज कमी झाली. परंतु हे यश अर्धे राहू नये. उबवणी केंद्रात जन्मलेला क्लाउनफिश घेणारा ग्राहक त्याच दुकानात त्याच्यासाठी समुद्रपुष्प मागतो आणि ते मात्र बहुधा समुद्रातूनच आलेले असते. समुद्रात क्लाउनफिशला शत्रूपासून वाचण्यासाठी हा आसरा अत्यावश्यक असतो. टाकीत शत्रूच नसल्याने तो समुद्रपुष्पाविना सुखाने जगतो आणि अंडीही घालतो. ही साधी गोष्ट प्रत्येक विक्रीकेंद्रावर सांगितली गेली तर पुष्कळ समुद्रपुष्पे आजारी पडण्यापूर्वीच वाचतील.

ज्यांना समुद्रपुष्प हवेच आहे, त्यांच्यासाठी संवर्धित प्राणी उपलब्ध व्हावेत. शुंडकांची टोके बुडबुड्यासारखी फुगणारी एंटॅक्मिया क्वाड्रिकलर ही जात स्वतःहून दोन भागांत विभागून वाढते, म्हणून आरंभ तिच्यापासून करता येईल. टाकीत वाढलेला प्राणी टाकीच्या पाण्याला सरावलेला असतो, त्याचा पाय फाटलेला नसतो आणि त्याच्यामागे समुद्रात रिकामी झालेली जागा नसते. किनारी भागातील महिला बचत गटांना हा जोडव्यवसाय म्हणून देता येईल. मासेमार व पाणबुड्यांच्या उपजीविकेचा प्रश्न कोणी उपस्थित केला तर त्याचेही उत्तर येथेच आहे. गोळा करण्याचे कौशल्य ज्यांच्यापाशी आहे, त्यांनाच संवर्धनाचे प्रशिक्षण प्रथम मिळावे.

त्याच्या जोडीला तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. पहिली, समुद्रपुष्पाच्या संगोपनाची आणि प्रथमोपचाराची सोपी पुस्तिका मराठीसह सर्व भारतीय भाषांत निघावी. दुसरी, किनारी कृषी विज्ञान केंद्रे आणि मत्स्य महाविद्यालये यांच्या रोगनिदान सेवेत शोभिवंत अपृष्ठवंशी प्राण्यांचाही समावेश व्हावा. तिसरी, विक्रेत्याने प्राणी संवर्धित की समुद्रातून आणलेला हे लिहून द्यावे आणि रंगवलेले वा विरंजित प्राणी विकू नयेत.

आपल्या प्रवाळक्षेत्रांवर आधीच तापमानवाढीचा ताण आहे. 2024 च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपमध्ये प्रवाळांचे मोठे विरंजन झाले. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच 2001 सालीच मिळाले. परंतु ज्या समुद्रात प्रवाळ तापाने पांढरे पडत आहेत, त्याच समुद्रातून उपटलेले समुद्रपुष्प आपल्या घरात पुन्हा पांढरे पडू द्यायचे का, याचे उत्तर कायद्याच्या कलमांत नाही. ते पालकाच्या विवेकात आहे. समुद्रपुष्प आजारी पडलेच तर आधी पाणी तपासावे, पंप झाकावा, दिवा मंद करावा आणि थांबावे. आणि ते आणण्याचा विचार असेल तर टाकी मुरेपर्यंत खरेदीच लांबणीवर टाकावी.