जड पाण्याची छुपी पाणीपट्टी

मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी बदलून आलेल्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरी पहिल्याच आठवड्यात एक तक्रार ऐकू येते : तुरीची डाळ शिजत नाही. प्रथम दोष डाळीला दिला जातो, मग वाण्याला, मग कुकरला. महिनाभरात साबणाची वडी लवकर संपू लागते, पांढरे सदरे करडे दिसू लागतात, पाणी तापवायच्या पातेल्यात पांढरा थर धरतो. तेव्हा कोठे खरा अपराधी सापडतो. तो म्हणजे नळाचे पाणी. ‘आमच्याकडचं पाणी जडच आहे हो,’ असे शेजारीण सांगते आणि प्रश्न तेथेच मिटतो. वस्तुतः हा नशिबाचा नव्हे, नगरपालिकेच्या अर्थकारणाचा प्रश्न आहे.

पाण्याला जडपणा येतो तो त्यात विरघळलेल्या कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे. जमिनीत मुरणारे पाणी दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपताना हे क्षार बरोबर घेते. धरणात साठणारे पाणी बहुतांशी पृष्ठभागावरून वाहून आलेले असल्यामुळे ते तुलनेने हलके असते. उन्हाळ्यात धरणाचा साठा आटला, की नगरपालिका विंधन विहिरींचे पाणी त्याच नळातून सोडते. नळ तोच, पाणीपट्टीही तीच. पाणी मात्र निराळे. या बदलाची सूचना नागरिकाला कोणी देत नाही.

भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल, तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. या दोन आकड्यांमधील अंतर कागदावर क्षुल्लक दिसते. संसाराच्या जमाखर्चात ते तसे नाही. लिटरमागे १०० मिलिग्रॅम जडपणा सुमारे सहा दशांश ग्रॅम साबण निकामी करतो, हे साधे रसायनशास्त्र आहे. म्हणजे ५०० मिलिग्रॅम जडपणाच्या पंधरा लिटर पाण्याला फेस आणायचा, तर त्याआधीच सुमारे ४५ ग्रॅम साबणाचा साका होऊन जातो. २०० मिलिग्रॅमच्या पाण्यात हाच नाश १८ ग्रॅमांवर थांबतो. धुलाईची पावडर जड पाण्यात साबणाहून बरी चालते हे खरे. पण तीही अधिक घालावी लागतेच.

साबण हा या खर्चाचा एक भाग झाला. जड पाण्यातील कॅल्शियममुळे डाळीचे दाणे लवकर मऊ होत नाहीत. गॅस अधिक जळतो. गृहिणी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकते, डाळ शिजते, परंतु तिच्यातील ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा बराचसा भाग त्या सोड्याने नष्ट होतो. गिझरच्या कॉईलवर साचलेला थर उष्णता नीट जाऊ देत नाही. वीज वाढते आणि कॉईलही लवकर जळते. कपडे घासण्यात, भांड्यांवरील डाग काढण्यात जाणारा स्त्रियांचा वेळ तर कोणत्याच हिशेबात धरला जात नाही. ही सारी पाणीपट्टीच आहे. मात्र तिची पावती मिळत नाही आणि तिच्यावर नगरपालिकेच्या सभेत चर्चा होत नाही. शिवाय ती उत्पन्नाच्या प्रमाणात नसल्यामुळे अल्प पगाराच्या कुटुंबाला अधिक बोचते.

यावर ज्यांना परवडते ते घरी आर.ओ. यंत्र बसवतात, इतर पाण्याचे जार विकत घेतात. परंतु घरगुती यंत्र एक भांडे पाणी देताना सामान्यतः दोन-तीन भांडी पाणी मोरीत सोडते. ज्या गावात नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते, तेथे याला उपाय म्हणणे कठीण आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणालाही २०१९ मध्ये या अपव्ययाची दखल घ्यावी लागली. दुसरे असे, की ही खरेदी मूतखड्याच्या भीतीपोटी होते. तथापि जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरविलेली नाही. नुकसान होते ते धुण्यात, स्वयंपाकात व पाणी तापवण्यात. तेथे पिण्यापुरते पाणी देणारे हे यंत्र फारसे उपयोगी पडत नाही.

जेथे पाण्याचेच दुर्भिक्ष, तेथे त्याच्या गुणवत्तेची चर्चा ही चैन होय, असा आक्षेप घेतला जाईल. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. तशा आपत्तीत पाणी मिळणे हीच मोठी गोष्ट. परंतु आपत्तीतील निकष नेहमीचा निकष होऊ नये. दरडोई किती लिटर, एवढेच विचारण्याची सवय लागल्यामुळे ते लिटर वापरण्यास नागरिकाला किती खर्च येतो, हे विचारले जात नाही.

उपाय अगदीच आवाक्याबाहेरचे नाहीत. पहिला उपाय मोजमापाचा. लाल रंग निळा होईपर्यंत थेंब थेंब द्रावण सोडण्याची जडपणाची चाचणी महाविद्यालयांत विज्ञानाचे विद्यार्थी नित्य करतात. दर महिन्याचा आकडा पाणीपट्टीच्या बिलावर आणि वाचनालयाच्या फलकावर लावण्यास फारसा खर्च नाही. दुसरा उपाय मिश्रणाचा : धरणाचे पाणी संपेपर्यंत थांबून मग निव्वळ विहिरीचे देण्यापेक्षा दोन्ही पाणी आधीपासून योग्य प्रमाणात मिसळावे. तिसरा उपाय चुन्याचा. चुना घालून पाणी हलके करण्याच्या पद्धतीचे पेटंट ॲबर्डीनचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्येच घेतले होते. सर्व प्रकारचा जडपणा निव्वळ चुन्याने जात नाही, कधी धुण्याचा सोडाही लागतो आणि उरलेल्या गाळाची विल्हेवाट लावावी लागते, हे मान्य. परंतु जे काम हजार घरांत हजार यंत्रे वाईट रीतीने करतात, ते जलशुद्धीकरण केंद्रात एकदा करणे स्वस्त पडते.

यासाठी पाणीपट्टी थोडी वाढेल, हे लपविण्यात अर्थ नाही. तशी वाढ मागण्यापूर्वी नगरपालिकेने थकबाकी वसूल करावी आणि जडपणा किती घटला हे आकड्यांनिशी दाखवावे. नागरिकांनीही वाढीला सरसकट विरोध करण्याआधी साबण, गॅस, कॉईल आणि जार यांवर होणारा आपला खर्च एका महिन्यासाठी वहीत मांडून पाहावा. ७४ व्या घटनादुरुस्तीने घरगुती पाणीपुरवठा हा विषय नगरपालिकांच्या कार्यसूचीत नोंदविला आहे. तेव्हा येत्या निवडणुकीत दारी येणाऱ्या उमेदवाराला नळ किती दिवसांनी येणार, एवढे विचारून थांबू नये. त्या पाण्याचा जडपणा किती, हेही विचारावे.