मुखवट्याचा सातबारा

आदिवासी मुखवटा म्हटला की आपल्याकडे चर्चा होते ती रंगरेषांची, फार तर कारागिराच्या पोटापाण्याची. जमिनीचा विषय निघत नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्वाक्वाकावाक्व लोकांच्या मुखवट्यांबाबत मात्र तो टाळताच येत नाही. त्यांतला एक प्रकार उघडणारा असतो. नाचणारा दोऱ्या ओढतो, पक्ष्याचे तोंड दुभंगून बाजूंना सरकते आणि आतून माणसाचा चेहरा निघतो. ही नुसती करामत नव्हे. अनेक कुळांच्या उत्पत्तिकथेत मूळपुरुष पशू किंवा पक्षी होऊन एका ठरावीक जागी उतरतो, मुखवटा काढून माणूस होतो आणि तिथेच वसतो. तो मुखवटा नाचवण्याचा हक्क त्याच कुळाचा. पॉटलॅच या समारंभात पाहुण्यांना भेटी मिळतात त्या हा हक्क पाहिल्याच्या साक्षीबद्दल. थोडक्यात, हा चारचौघांत वाचला जाणारा सातबारा. १८८५पासून सरकारने पॉटलॅचवर बंदी घातली. १९२१च्या एका पॉटलॅचनंतर तर खटले भरले आणि शिक्षेत सवलतीच्या बदल्यात मुखवटे काढून घेतले. बंदी कायद्यातून गेली १९५१मध्ये. मुखवटे परत मिळवायला आणखी झगडावे लागले. त्यांच्यासाठी अलर्ट बे येथे उमिस्ता केंद्र उघडले ते १९८०मध्ये.

आता हे मुखवटे ॲक्रिलिकने रंगतात, गॅलऱ्यांत विकले जातात. मग मातीशी नाते उरले कुठे, असा आक्षेप येतो. विक्री होते हे खरे, आणि त्यात गैर काही नाही. कारागिराने उपाशी राहून परंपरा जपावी ही अपेक्षा बहुधा पोट भरलेल्यांचीच असते. पण गॅलरीत गेलेला मुखवटाही नाचाला परत येऊ शकतो. कारागीर ब्यू डिक (१९५५–२०१७) यांचे अटलाकिम या अरण्यनृत्याचे चाळीस मुखवटे २०१२मध्ये व्हँकुव्हरच्या गॅलरीतून उतरवून अलर्ट बेला नेले, नाचवले आणि रीतीप्रमाणे जाळले. जाळले की पुन्हा कोरणे आले. कोरायला लाल सीडर हवा, तोही जुना, सरळ धाग्याचा, बिनगाठीचा. मुखवट्याचे केससुद्धा त्याच्याच सालीचे. असली झाडे लाकूडतोडीने विरळ केली आहेत. जंगलावर हक्क नसेल, तर हे चक्र दुसऱ्याच्या मर्जीवर चालणार.

कथांवरून जमीन मागायची तर उद्या कोणीही मागेल, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण जी कथा शेजारच्या कुळांसमोर, त्यांना हरकत घेता येईल अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या मांडली जाते, ती मनाला येईल तशी रचता येत नाही. क्वाक्वाकावाक्व लोकांच्याच प्रांतातील गिट्क्सान आणि वेट्सुवेटेन लोकांच्या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये मौखिक इतिहासाला लेखी पुराव्याच्या बरोबरीने तोलले पाहिजे असे ठरवले. मालकीचा निवाडा त्यातून झाला नाही. पुराव्याचे दार मात्र उघडले.

आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा या सोंगांच्या उत्सवातले मुखवटेही आता शहरी दिवाणखान्यांत दिसतात. वाचकांनी ते जरूर विकत घ्यावेत. घेताना हे सोंग कोणत्या गावच्या बोहाड्यात नाचते, आणि २००६च्या वनहक्क कायद्याखाली त्या गावाने केलेल्या दाव्याचे काय झाले, एवढे विचारावे.