विश्लेषण : प्रश्नोत्तराचा तास गोंधळात का वाया जातो?

संसदेच्या २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेच्या कामकाज पत्रिकेवर ४१९ तारांकित प्रश्न होते. त्यापैकी केवळ ५५ प्रश्नांना मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तरे दिली. राज्यसभेत २८५ पैकी जेमतेम १४ प्रश्न चर्चेला आले. बिहारमधील मतदारयाद्यांच्या विशेष सखोल फेरतपासणीवर चर्चा हवी म्हणून विरोधक हौद्यात उतरत होते, फलक फडकत होते आणि कामकाज तहकूब होत होते. गोंधळाची दृश्ये मोबाइलवर सर्वांनी पाहिली. न विचारल्या गेलेल्या प्रश्नांचे काय झाले, हे मात्र फारसे कुणाला कळले नाही. सरकारला जाब विचारण्याचा हा तासच वारंवार का बळी पडतो आणि त्यावर उपाय काय?

प्रश्नोत्तराचा तास म्हणजे नेमके काय?

लोकसभेत सकाळी ११ ते १२ आणि राज्यसभेत दुपारी १२ ते १ हा वेळ प्रश्नोत्तरांसाठी राखीव असतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर सदस्य उपप्रश्न विचारू शकतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. लोकसभेत दररोज २० तारांकित व २३० अतारांकित, तर राज्यसभेत १५ तारांकित व १६० अतारांकित प्रश्न पत्रिकेवर घेतले जातात. सदस्याला साधारण १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. नोटिसा भरपूर आणि जागा थोड्या, त्यामुळे कोणाचा प्रश्न पहिल्या २० मध्ये येणार हे सोडतीने ठरते. खात्यांचे दिवसही ठरलेले असतात. कृषी खात्याचा वार एकदा हुकला, की त्या खात्याला तोंडी प्रश्न विचारण्यासाठी पुढच्या आठवड्याची वाट पाहावी लागते आणि सोडतीत नाव पुन्हा निघेलच याची खात्री नसते.

हा अधिकार आला कुठून?

तो स्वातंत्र्यापूर्वीचा आहे. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातील सदस्यांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. पण उपप्रश्नाला मज्जाव होता. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला, तर १९१९ नंतर इतर सदस्यांनाही उपप्रश्न विचारता येऊ लागले. म्हणजे उपप्रश्नाचा हक्क मिळवायलाच दोन टप्पे जावे लागले. मूळ प्रश्नाचे उत्तर अधिकारी लिहून देतात आणि मंत्री ते वाचतात. उपप्रश्न मात्र आधी ठाऊक नसतो. खात्यावर मंत्र्याची पकड आहे की नाही, हे तिथेच उघडे पडते.

एका प्रश्नाने सरकार अडचणीत येऊ शकते?

येऊ शकते, आणि आलेले आहे. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांमध्ये केलेल्या गुंतवणुकीचा विषय लोकसभेत प्रश्नाद्वारे पुढे आला. काँग्रेसचेच खासदार असलेल्या फिरोज गांधी यांनी तो लावून धरला. न्या. एम. सी. छागला यांच्या आयोगाने उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. प्रश्नाची ही किंमत पैसे मोजणाऱ्यांनाही कळते. २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर महिन्यात ११ खासदारांची हकालपट्टी झाली. प्रश्नाला काहीच मोल नसते, तर तो विकत घेण्याच्या फंदात कोण पडले असते?

मग गोंधळ नेमका याच तासाला का?

लोकसभेत हा दिवसाचा पहिला तास असतो. सभागृह भरलेले असते, मंत्री समोर असतात, पत्रकार कक्षात गर्दी असते आणि थेट प्रक्षेपण सुरू असते. निषेध नोंदवायचा तर याहून चांगली वेळ नाही. दुसरे कारण नियमांत आहे. तातडीच्या विषयावर सारे कामकाज बाजूला ठेवून चर्चा घ्यायची तर लोकसभेत स्थगन प्रस्ताव आणि राज्यसभेत नियम २६७ आहे. पण हे प्रस्ताव स्वीकारायचे की नाही, हे पीठासीन अधिकारी ठरवतात. राज्यसभेत नियम २६७ खालील नोटीस शेवटची स्वीकारली गेली ती नोव्हेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीच्या वेळी. त्यानंतर नोटिसा येत राहिल्या आणि फेटाळल्या जात राहिल्या. सरकारला नको असलेला विषय पत्रिकेवर आणण्याचा हमखास मार्ग विरोधकांकडे नाही. दार बंद असले की दारावर थापा मारल्या जातात; फरक इतकाच की या थापांच्या आवाजात प्रश्न बुडून जातात.

हा दोष आजच्या विरोधकांचा की सर्वांचा?

सर्वांचा. २०१० च्या हिवाळी अधिवेशनात टू-जी प्रकरणी संयुक्त संसदीय समितीच्या मागणीसाठी भाजपसह विरोधकांनी संसद जवळपास पूर्णपणे रोखली. लोकसभेत नियोजित वेळेच्या सुमारे ६ टक्के, तर राज्यसभेत सुमारे २ टक्केच काम झाले. पुढच्याच अधिवेशनात सरकारने समितीची मागणी मान्य केली. म्हणजे गोंधळाला फळ मिळाले, आणि हा धडा सर्व पक्षांनी लक्षात ठेवला. २०१२ मध्ये कोळसा खाणवाटपावरून कामकाज ठप्प असताना सुषमा स्वराज आणि अरुण जेटली या दोन्ही विरोधी पक्षनेत्यांनी, संसद चालू न देणे हेही लोकशाहीतील एक अस्त्र आहे, अशी भूमिका जाहीरपणे मांडली होती. आज बाके बदलली आहेत आणि युक्तिवादही बाकांबरोबर बदलले आहेत. काही वेळा तर सत्ताधारी बाकांवरूनच घोषणा झाल्या आहेत. मार्च २०२३ मध्ये राहुल गांधी यांच्या लंडनमधील वक्तव्याबद्दल माफीची मागणी सत्ताधाऱ्यांनी, तर अदानी प्रकरणी संयुक्त समितीची मागणी विरोधकांनी लावून धरली आणि अधिवेशनाचा उत्तरार्ध जवळपास वाया गेला.

शिस्तीचे नियम नाहीत का?

भरपूर आहेत. लोकसभेत नियम ३७३ नुसार अध्यक्ष सदस्याला दिवसभरासाठी बाहेर जायला सांगू शकतात. नियम ३७४ नुसार सभागृहाच्या ठरावाने निलंबन होते. डिसेंबर २००१ मध्ये नियम ३७४ अ आला. अध्यक्षांनी नाव घेताच हौद्यात उतरलेला सदस्य सलग पाच बैठकांसाठी किंवा अधिवेशन संपेपर्यंत, जे कमी असेल तितक्या काळासाठी, आपोआप निलंबित होतो. त्याआधी १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी अधिवेशनात, संसदेने एकमताने ठराव केला होता. त्यात प्रश्नोत्तराच्या तासाला धक्का लावायचा नाही, हौद्यात जायचे नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, अशी ग्वाही होती. त्यानंतर जे घडत आले, ते त्या ठरावाला हात वर करणाऱ्या पक्षांकडूनच घडत आले.

निलंबनाने प्रश्न सुटतो का?

डिसेंबर २०२३ चा अनुभव याबाबत बोलका आहे. संसदेच्या सुरक्षेचा भंग झाल्यानंतर गृहमंत्र्यांच्या निवेदनाची मागणी करणाऱ्या विरोधी सदस्यांपैकी दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ जण त्या अधिवेशनात निलंबित झाले. एकट्या १८ डिसेंबरला ७८ जणांवर कारवाई झाली. सभागृह शांत झाले खरे. पण निलंबित सदस्यांचे प्रश्नही यादीतून वगळले गेले आणि फौजदारी कायद्यांची तीन नवी विधेयके विरोधी बाके बऱ्याच अंशी रिकामी असताना मंजूर झाली. गोंधळ प्रश्न विचारू देत नाही आणि सरसकट निलंबन प्रश्न विचारणाराच ठेवत नाही.

महाराष्ट्रानेही हे पाहिले आहे. ५ जुलै २०२१ रोजी तालिका अध्यक्षांशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई घटनाबाह्य ठरवली. चालू अधिवेशनापलीकडचे निलंबन म्हणजे केवळ आमदाराला नव्हे, तर त्याच्या मतदारसंघाला शिक्षा, असा त्या निकालाचा आशय होता.

प्रश्न बुडाला तर सामान्य माणसाचे काय बिघडते?

समजा, एखाद्या खासदाराने पीकविम्याच्या थकलेल्या भरपाईवर तारांकित प्रश्न दिला आणि सोडतीत तो तिसरा आला. सभागृह ११ वाजून पाच मिनिटांनी तहकूब झाले, तर त्या प्रश्नाचे लेखी उत्तर पटलावर ठेवले गेल्याचे मानले जाते. कागदावर प्रश्नाची बोळवण होते. पण ‘भरपाई केव्हा देणार?’, ‘कंपनीवर कारवाई कोणती?’ हे उपप्रश्न विचारायचे राहून जातात. मंत्र्याने सभागृहात ‘माहिती घेऊन करतो’ असे म्हटले, तर ते आश्वासन ठरते आणि ते साधारण तीन महिन्यांत पुरे झाले की नाही, हे आश्वासन समिती तपासते. तोंडी उत्तर हुकले, की मंत्र्याला पेचात पकडून असे आश्वासन काढून घेण्याची संधीही हुकते. सर्वाधिक तोटा होतो तो लहान पक्षांच्या आणि पहिल्यांदा निवडून आलेल्या सदस्यांचा. मोठ्या चर्चांत त्यांच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. सोडतीत मात्र सर्व सारखे असतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शांत दिवशीही सर्व २० प्रश्न होत नाहीत. उत्तरे लांबतात आणि पाच-सात प्रश्नांतच तास संपतो. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत सर्व २० प्रश्न झाले, तेव्हा १९७२ नंतर प्रथमच असे घडल्याचे सांगण्यात आले. त्यामुळे ‘४१९ पैकी ५५’ या आकड्याचा पूर्ण दोष गोंधळावर टाकता येणार नाही. पण दिवसाला सहा प्रश्न धरले, तरी २१ बैठकांत सव्वाशे प्रश्न व्हायला हवे होते. त्याच्या निम्मेही झाले नाहीत.

वेळ बदलून उपयोग झाला का?

राज्यसभेने तो प्रयोग केला. ११ वाजताचा गोंधळ टळावा म्हणून २०१४ च्या अखेरीस प्रश्नोत्तराचा तास दुपारी १२ वाजता नेण्यात आला आणि सकाळी शून्य प्रहर ठेवला गेला. आधी सदस्यांना मन मोकळे करू द्यावे, मग प्रश्न घ्यावेत, अशी कल्पना होती. २०२५ मधील ‘२८५ पैकी १४’ हा राज्यसभेचा आकडा या प्रयोगाचा निकाल सांगतो. घड्याळाचा काटा सरकला, भांडणाचे कारण जागेवरच राहिले.

ब्रिटनमध्ये गोंधळ होत नाही का?

भरपूर होतो. दर बुधवारी दुपारी १२ वाजता ब्रिटिश पंतप्रधान अर्धा तास प्रश्नांना सामोरे जातात, तेव्हा हुर्यो, टोमणे आणि हशा यांनी सभागृह दणाणते. अध्यक्ष सदस्यांना दटावतात, प्रसंगी बाहेर काढतात. पण प्रश्न थांबत नाहीत. विरोधी पक्षनेत्याला दर आठवड्याला सहा प्रश्न हक्काने मिळतात. शिवाय दर सत्रात २० दिवसांचे विषय विरोधक ठरवतात. हौद्यात उतरून मिळवण्यासारखे तिथे फारसे काही उरत नाही. आपल्याकडे पंतप्रधानांच्या अखत्यारीतील खात्यांसाठी वार ठरलेला आहे. मात्र उत्तरे बहुधा राज्यमंत्री देतात.

उपाय काय?

उत्तराचा धागा २०२५ च्या हिवाळी अधिवेशनात सापडतो. मतदारयाद्यांचा विषय तोच होता आणि १ व २ डिसेंबरला गोंधळही तसाच झाला. मग लोकसभा अध्यक्षांनी सर्वपक्षीय नेत्यांना बोलावले. ‘वंदे मातरम्’वर आणि निवडणूक सुधारणांवर चर्चेचे दिवस ठरले. त्यानंतर कामकाज मार्गी लागले आणि अधिवेशनाअखेर दोन्ही सभागृहांचे काम नियोजित वेळेपेक्षा जास्त भरले. खासदार तेच, नियम तेच आणि पीठासीन अधिकाऱ्यांचे अधिकारही तेच होते. बदलली ती एकच गोष्ट : विरोधकांना चर्चेची तारीख मिळाली.

म्हणून आठवड्यातील ठरावीक वेळ विरोधकांच्या विषयांसाठी राखून ठेवणे, ठरावीक संख्येने सदस्यांनी मागणी केल्यास चर्चा बंधनकारक करणे आणि त्या बदल्यात प्रश्नोत्तराच्या तासाला हात न लावण्याची हमी सर्व पक्षांकडून घेणे, असा व्यवहार शक्य आहे. त्यासाठी घटनादुरुस्ती नको, कामकाजाच्या नियमांत बदल पुरेसा आहे. सरकारला त्यात नकोसे विषय ऐकून घ्यावे लागतील आणि विरोधकांना हौद्याचे अस्त्र म्यान करावे लागेल. १९९७ च्या ठरावात केवळ सदस्यांनी काय करू नये, एवढेच होते. तो का टिकला नाही, याचे उत्तर कदाचित त्यातच असावे.