वीज गेली, तर दिवा कोणता?

आमचा अर्जुनी मोरगावचा परिसर धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा. विजेच्या तारा कित्येक ठिकाणी झाडांच्या दाटीतून येतात. पावसाळ्यात वादळाने एखादी फांदी तारेवर पडली, की लाइन जाते आणि कधी कधी ती सकाळीच येते. त्यामुळे घरोघरी एखादा जास्तीचा दिवा असतोच. परंतु तो निवडताना दुकानात समोर दिसेल ते उचलले जाते. ही निवड मोजमाप करून व्हावी आणि ते मोजमाप घरातल्या विद्यार्थ्याने करावे, असे माझे मत आहे.

प्रथम कंदिलाचा हिशेब पाहू या. साधा कंदील तासाला सुमारे २० ग्रॅम रॉकेल जाळतो असे धरा. १ ग्रॅम रॉकेलातून सुमारे ४३ किलोज्यूल ऊर्जा मिळते. म्हणजे तासाला ८६० किलोज्यूल. ३६०० सेकंदांनी भागले, की सुमारे २४० वॅट होतात. त्याच्या मोबदल्यात उजेड मिळतो फार तर ४०-५० ल्युमेन. आजचा १ वॅटचा एलईडी दिवा सुमारे १०० ल्युमेन देतो. कंदिलाच्या ज्योतीत प्रकाशतात ते काजळीचे तापलेले कण आणि त्यांची बहुतेक ऊर्जा अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपाने निघून जाते. आपण दिवा म्हणून पेटवतो, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ती एक छोटी शेगडीच असते!

ज्वलनाच्या दिव्यातही सुधारणा होऊ शकते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९८० च्या दशकात ‘नूरी’ नावाचा मेंटलचा कंदील तयार केला. त्याचा उजेड १०० वॅटच्या साध्या बल्बच्या तोडीचा होता. त्या काळी ही मोठीच गोष्ट होती. आज मात्र एलईडीने आणि लिथियमच्या सेलने सारे गणित बदलले आहे. टॉर्चमधल्या एका चांगल्या लिथियम सेलमध्ये ८ ते १० वॅट-तास ऊर्जा मावते. १ वॅटचा दिवा त्यावर सहज रात्रभर चालेल.

आता वाचनाचा प्रश्न. ४५ ल्युमेनचा कंदील वहीपासून अर्धा मीटर दूर ठेवला, तर वहीवर जेमतेम १४ लक्स प्रकाश पडतो. वाचनासाठी निदान १५० लक्स असावा, असे साधारणपणे मानतात. कंदिलाजवळ सरकावे, तर धूर आणि ताप. तोच १ वॅटचा एलईडी झाकणीखाली बसवून वहीच्या जवळ आणला, की काम भागते. दहावीच्या वर्षातली एक संध्याकाळ वाया जाणे आणि न जाणे यांत एवढेच अंतर असते.

मात्र एकच दिवा सर्व कामांचा नसतो. वाचायला खाली उजेड टाकणारा दिवा हवा, स्वयंपाकघरात चहूकडे पसरणारा हवा, आणि अंगणात जायला हातात टॉर्च हवा. पावसाळी रात्री मण्यार बाहेर पडते. पाऊल टाकण्याआधी जमीन दिसणे हा आमच्याकडे जिवाचा प्रश्न आहे. त्या वेळी टेबलावरचा कंदील कितीही चांगला असला तरी निरुपयोगी.

‘तेलाच्या दिव्याला चार्जिंग लागत नाही,’ असे वडीलधारी माणसे म्हणतात, आणि ते खरेच आहे. म्हणून शेवटचा आधार म्हणून एक दिवा जरूर ठेवावा. पण बाटलीला भोक पाडून केलेली चिमणी नको. ती लवंडते, आणि सांडलेले रॉकेल पेट घेते. श्रीलंकेतील शल्यचिकित्सक डॉ. विजय गोडाकुंबुरा यांनी भाजलेल्या रुग्णांवर उपचार करता करता बुटका, जड आणि आट्यांच्या झाकणाचा दिवा तयार केला. गुरुत्वमध्य खाली असल्याने तो सहसा लवंडत नाही. लवंडला तरी सपाट बाजूंमुळे गडगडत नाही आणि तेल सांडत नाही. रॉकेलात पेट्रोल तर कधीही मिसळू नये. रॉकेलाची पेट घेणारी वाफ साधारण ३५ ते ४० अंश सेल्सियसच्या पुढे तयार होते, पेट्रोलची शून्याच्या खालीही होते.

आयआयटी मुंबईने २०१४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी सौर दिव्यांची योजना सुरू केली. त्यात महाराष्ट्राचाही समावेश होता. गावातल्याच लोकांना दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवायचे, हा तिचा विशेष मला सर्वांत मोलाचा वाटतो. घरातला बिघडलेला दिवा फेकण्याआधी पाहा: पुष्कळदा फक्त सेल संपलेला किंवा तार सुटलेली असते. चार्जिंगचा दिवा महिनोन् महिने रिकामाही ठेवू नका.

शिक्षकांना एक विनंती. पाऊस सुरू होताच वर्गात हा प्रयोग घ्यावा. पांढऱ्या कागदावर तेलाचा ठिपका द्या. अंधाऱ्या खोलीत एका बाजूला मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला मुलांनी घरून आणलेला दिवा ठेवा. दिवा मागेपुढे सरकवून ठिपका जवळजवळ दिसेनासा करा. मेणबत्ती ३० सेंटिमीटरवर आणि दिवा ९० सेंटिमीटरवर असेल, तर त्या दिशेने दिवा मेणबत्तीच्या ९ पट प्रखर आहे. प्रत्येकाने आपला आकडा वहीत लिहावा, घरी नेऊन दाखवावा, आणि पुढचा दिवा घेताना तो आकडा सोबत घेऊन दुकानात जावे.